लय वाढवू नको

शांतवन, ऐक! आठ दिवस झाले, माझ्या पोटात मावत नाहीये. तुझ्या मातीला काय काय झालं ते तुला सांगायचंय, आणि गंमत बघ, सगळ्या मंडळीत तू एकटाच असा आहेस ज्याला ते ठाऊक नाही. आजवर कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं आधी तुझ्याकडं यायचं आणि मग तू "मास्तर, कळलं का?" करत माझ्या दारात. आता पहिल्यांदाच मोठी बातमी माझ्याकडं आहे आणि सांगायला तू नाहीस. हा कुठला न्याय?

रडायचं ते रडून घेतलंय. अजूनही मधेच येतं, भाजी निवडताना, चष्मा पुसताना. पण खरं सांगू, या आठ दिवसांत दुःखापेक्षा जास्त मला धाप लागल्यासारखं झालंय. कुणीतरी हात धरून पळवत नेल्यावर होतं तसं.

पण आधी कबुली. तू माझ्याकडं एक शब्द मागितला होतास आणि मी तो दिला नाही. "माज्या मातीला ढोलकी वाजू द्या," एवढंच मागणं होतं तुझं. मी नाही म्हणालो. त्याला तीन आठवडे होत आले आणि एका शुक्रवारी तू दुकान बंद करून जेवायला घरी गेलास, हात धुतलेस, "वाढ" म्हणालास, आणि एस्तेरवहिनी भाकरी घेऊन येईतो भिंतीला डोकं टेकून गेलासही. कशातच तुला धीर नव्हता. तुझं घाईचं काम झालं, आणि माझा 'नाही' माझ्याच तोंडात राहिला.

तुझं नाव कुणी ठेवलं रे शांतवन? आटपाडीकडच्या त्या पाळकसाहेबांनी ठेवलं असणार, तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा. त्यांनी तुला बोलताना ऐकलं नव्हतं वाटतं. एकतीस वर्षांपूर्वी तू माधवनगरला विहिरीवरच्या मोटारींचं जळालेलं वाइंडिंग भरायच्या दुकानात कामाला आलास आणि पहिल्याच रविवारी आपल्या देवळात मागच्या बाकावर बसून असा खणखणीत 'आमेन' दिलास की पुढच्या बाकावरचे अण्णा वळून बघायला लागले. अण्णा तेव्हापासून मंडळीचे वडील, देवळाचा कारभार बघणारे. वडील म्हणजे काय हे तुला तेव्हा माहीत नव्हतं, तू उपासना झाल्यावर त्यांच्या पाया पडायला गेलास आणि विचारलंस, "कुनाचं वडील?" आमची हसून मुरकुंडी वळली. अण्णा हसले नाहीत.

मग नाताळाच्या गाण्यांचा सराव. आपला तबलेवाला लग्नाला गेलेला, आणि तू पिशवीतून ढोलकी काढलीस. अण्णा म्हणाले, "हे तमाशाचं वाद्य. देवळात न्हाई चालायचं." पाळकसाहेब नवे होते, भांडण नको म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला: फक्त नाताळापुरतं. तो नाताळ एकतीस वर्षं चालला, शांतवन!

आणि त्याच सरावात आपलं ते भांडण सुरू झालं. मी पेटीवर, तू माझ्या डाव्या हाताला. गाणं सुरू व्हायच्या आधी मी तुला मास्तरी आवाजात बजावलं, "लय वाढवू नको." तू मान डोलावलीस. दुसऱ्या कडव्याला तू पुढं. मी थांबवलं, पुन्हा सांगितलं, "अरे, लय वाढवू नको म्हटलं ना?" तू म्हणालास, "न्हाई वाढवत." आणि पुन्हा पुढं! शेवटच्या कडव्याला बायकांचा पदर सावरायचा आणि सूर धरायचा एकदमच गोंधळ झाला. मला वाटलं, हा माणूस उर्मट आहे. तोंडावर हो म्हणतो आणि मुद्दाम करतो. पुढचे तीन आठवडे मी तुझ्याशी सरळ बोललो नाही.

उलगडा एस्तेरवहिनींनी केला. तुझी बाजू घेऊन त्या माझ्याशी भांडायलाच आल्या होत्या. म्हणाल्या, "आवं मास्तर, तुमीच म्हनला न्हवं, लय वाढवू नको? त्येनी लय कुठं वाढीवली? जराशीच तर वाढीवली." मी म्हणालो, "वहिनी, लय म्हणजे गाण्याची गती. ती वाढवायचीच नाही." त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आमच्यात लय म्हंजे लय!" मी जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. 'लय' म्हणजे खूप, हे काय मला माहीत नव्हतं? पण पेटीपुढं बसलो की पुस्तकातलं मराठी डोक्यात चढायचं आणि समोर आटपाडीचा माणूस बसलाय हे विसरायचो. मी गती वाढवू नको म्हणत होतो आणि तुला ऐकू येत होतं, फार वाढवू नको. म्हणजे थोडी वाढवायला परवानगीच की! त्या दिवशी आपण तिघं देवळाच्या पायरीवर बसून इतकं हसलो की तिथून पुढं मला तुझ्यावर खरा राग कधी आलाच नाही.

लबाडा, अर्थ कळल्यावर तरी सुधारायचंस. एकतीस वर्षं तू तेच निमित्त पुरवलंस. घरसभा कोरेगावची असो नाहीतर आष्ट्याची, शेवटच्या गीताला तू सुटायचासच, आणि मी डोळे वटारले की म्हणायचास, "लय न्हाई वाढीवली, मास्तर. वाईच." मी घरी जाताना तुला लेक्चर द्यायचो. गीत म्हणजे प्रार्थना, प्रार्थनेत घाई नसते, शब्द जिभेवर मुरले पाहिजेत. तू गाडी चालवता चालवता सगळं ऐकून घ्यायचास. एकदाच उत्तर दिलंस: "मास्तर, तू देवाकडं चालत जातोस. म्या पळत जातो. पोचल्यावर ठरवू कुनाचं बरोबर." देवळात तू मला तुमी म्हणायचास आणि स्कूटरवर बसलं की 'रं मास्तर, घट्ट धर'. हा नियम कुणी केला कोण जाणे.

तुला आठवतं, माझी बायको गेली तेव्हाचं? सहा वर्षं झाली. तिची माती झाली तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे कबरस्थानात वाद्य नव्हतं, नुसते गळे. संथ, अगदी माझ्या लयीत. मी मान खाली घालून उभा होतो, म्हणून मला तुझे हात दिसले. तू ते पाठीमागं बांधून उभा होतास आणि तुझी बोटं तुझ्याच मनगटावर वाजवत होती. आवाज नाही, नुसती बोटं. मला तेव्हा रागच आला होता. आज सांगतो.

त्यानंतर मी देवळात यायचं बंद केलं. देवावर रुसलो वगैरे नव्हतो रे. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावरची ती जागा बघवेना, बस. पहिल्या रविवारी तू माझ्या फाटकाशी स्कूटर लावलीस आणि फाटकाच्या पत्र्यावर बोटांनी वाजवायला लागलास. मी आतून ओरडलो, "जा तू, उशीर होईल." तू म्हणालास, "पेटीवाला आल्याबिगर ढोलकीवाला वाजवत न्हाई." आणि पायरीवर बसून राहिलास. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी बाहेर येऊन तुझ्याशेजारी बसलो, चहा केला, आपण गायलोही नाही, नुसते बसलो. तू म्हणालास, "दोघं हायंत. देऊळ भरलं." पाच रविवार तुझी उपासना बुडाली माझ्यापायी. सहाव्या रविवारी एस्तेरवहिनीच आल्या कमरेला पदर खोचून: "मास्तर, तुमचं दुक मला कळतंय, पर तुमच्यापायी ह्यांची सवय मोडाय लागली. उठा!" आणि मी उठलो. देवळात शिरताना तू माझ्या पुढं होतास, त्या तिसऱ्या बाकाच्या आणि माझ्या मधे, मला तो दिसू नये असा अंग तिरकं करून. मी कधी आभार मानले नाहीत. तू ते मानू दिलेही नसतेस, चेष्टाच केली असतीस. पण आता मानतो, चेष्टा करायला तू नाहीस तर.

आणि अशा माणसाला मी नाही म्हणालो.

कोरेगावहून परत येत होतो. नव्या घराची उपकारस्तुतीची सभा होती, जेवण झक्क झालं होतं, एसटीत जागा मिळाली होती. माझ्या मांडीवर पेटी, तुझ्या मांडीवर ढोलकी. तू एकाएकी म्हणालास, "मास्तर, एक मागू का?"

"माग की."

"माज्या मातीला ढोलकी वाजू द्या."

मी हसलो. म्हटलं, "आत्ता तर कुठं सीट मिळालीय आणि तू निघालास पण?"

"चेष्टा न्हाई." मग तू खिडकीबाहेर बघत बोलत राहिलास आणि मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या बापाबद्दल ऐकलं. "माजा बाप हलगी वाजवायचा. गावात कुनीबी मेलं की सांगावा यायचा. जेवत असला तरी ताटावरनं उठायचं. फुडं हलगी, मागं तिरडी. उनात, पावसात, कंदी न्हाई म्हनायची सोय न्हाई. कैक मयतं त्येनं पोचीवली. आन त्यो मेला तवा हलगी खुंटीला, वाजवनारा तिरडीवर."

"तुला येत नव्हती?"

"येत हुती की. अठरा वर्साचा हुतो. खुंटीकडं हात नेला, तर आईनं मनगाट धरलं. म्हनली, आज बापासाठी वाजीवलीस तर उद्यापासनं गाव तुलाच बलावंल. ठिव." तू मांडीवरची ढोलकी सरळ केलीस. "मुकाच गेला बाप. गावाला वाजवत न्हेलं, आन सवता मुका."

आता बघ माझी अक्कल. तू मला हे सांगितलंस आणि मी तुला उत्तर दिलं! मी म्हणालो, "तुझी आई शहाणी होती, शांतवन. माझ्या आजोबांनीही हलगी खाली ठेवली, म्हणून माझा बाप शाळेत गेला आणि मी मास्तर झालो. आपल्या मंडळीत कबरस्थानात वाद्य नाही ते काय उगीच? आपल्या सगळ्यांच्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्यांच्या मढ्यापुढं वाजवलंय. ते सोडून आपण इथं आलो. आता पुन्हा मातीला वाजवायचं? मी असेपर्यंत नाही." प्रत्येक शब्द खरा होता. अजूनही खरा आहे. पण तू मला इतिहास विचारला नव्हतास. तू मागत होतास, आणि मी शिकवत बसलो.

कराड गेलं, आष्टा गेलं, तू बोलला नाहीस. सांगली स्टँडवर उतरलो तेव्हा "सलाम, मास्तर" म्हणालास आणि गर्दीत शिरलास. आपण एकमेकांना हजारदा सलाम केला असेल, पण तो कानात अडकलाय.

तू काही अबोला धरला नाहीस. पुढचे तिन्ही गुरुवार घरसभेला आलास, हसलास, चहात बिस्किट बुडवून खाल्लंस. पण तू माझ्या लयीत वाजवलंस, शांतवन! पहिल्यापासून शेवटपर्यंत, तसूभर पुढं नाही. मी शेवटच्या कडव्याला सवयीनं डोळे वटारायला वर बघितलं, तर तू खाली मान घालून शहाण्यासारखा ठेका देत होतास. एकतीस वर्षं मागत होतो ते मिळालं आणि घशाखाली उतरेना. मला म्हणायचं होतं, 'अरे, पळ की.' म्हणालो नाही. वाटलं, पुढच्या गुरुवारी म्हणू.

तो शुक्रवार. मंडळीच्या ग्रुपवर बातमी फिरायच्या आत मी तुझ्या घरी होतो. दुपारी अण्णांचा फोन आला. म्हणाले, "मास्तर, पेटी आली का?" मी म्हणालो, "अण्णा, पेटी कशाला? कबरस्थानात वाद्य नाही ना न्यायचं?" मग अण्णा हळूच म्हणाले, "शांतवनची पेटी म्हंतोय मी. निजवायची." आणि मला हसू फुटलं! तुझ्या घराच्या जिन्यावर, आत बायका रडतायत आणि मी तोंडात रुमाल कोंबून हसतोय. हसता हसता कधी रडायला लागलो कळलं नाही. तू असतास तर हा किस्सा पुढची दहा वर्षं प्रत्येक घरसभेत पुरवला असतास.

शनिवारी तुझी माती. केवढी गर्दी! आपली मंडळी तर होतीच, पण ज्यांच्या मोटारी तू भरून दिल्यास ते सगळे शेतकरी, तुझ्या गल्लीतली मुसलमान मंडळी डोक्याला रुमाल बांधून, आटपाडीहून दोन जीपगाड्या. एस्तेरवहिनी खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर तुझी ढोलकी, खोळीसकट. लोकांना वाटलं, आठवण म्हणून धरून बसल्यात. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ती गाडीत ठेवाय सांगा." मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते मलाही कळलं नाही.

पाळकसाहेबांनी वचन वाचलं, प्रार्थना केली, मला खूण केली. मी सूर दिला. पैलतीराचं आपलं ते गीत, माझ्या लयीत. आणि आता मी तुला जे सांगतो ते कुणाला सांगू नकोस. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात गाणं जड व्हायला लागलं. लोक मधेच दम घ्यायला लागले, शब्द ओढायला लागले, मागचे मागं, पुढचे पुढं. तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीवर गाणं थांबलं. खरंच थांबलं! बंद पडलं. मला वाटायचं, लय मी धरून आहे आणि तू ती उधळतोयस. खोटं होतं ते. गाणं ओढत तू न्यायचास, आणि मी मागं लोंबकळत 'हळू, हळू' ओरडायचो. मंडळी चालायची ती आपल्या दोघांच्या ओढाताणीवर. तू सोडलंस आणि माझं सगळं संथपण जागच्या जागी बसलं.

मी पुन्हा सूर द्यायला तोंड उघडलं. एवढ्यात एस्तेरवहिनी उठल्या. डोळे सुजलेले, पण आवाज कसा, बाजारातल्यासारखा खणखणीत. "आवं मास्तर, असं गाऊन त्यास्नी कवा पोचवायचं? त्यास्नी घाई हाय!" आणि खोळ काढून ढोलकी माझ्यापुढं धरली.

"वहिनी, मला येत नाही वाजवायला."

"त्यास्नी तरी कुठं पेटी येत हुती? पर तुमची पेटी कंदी बंद पडू दिली का त्यांनी?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी काठीच्या टोकाकडं बघितलं. मला माझे आजोबा आठवले, ज्यांना मी फक्त फोटोत बघितलंय. त्यांनी हलगी खाली ठेवली कारण ती हुकमानं वाजवावी लागायची. नाही म्हणायची सोय नव्हती. मला मात्र होती. गेल्याच महिन्यात मी ती तुझ्यावर वापरली होती. इथं मला कुणाचा हुकूम नव्हता, गावाचा सांगावा नव्हता. एक बाई मागत होती, आणि पेटीत माझा मित्र होता. मी पट्टा गळ्यात घातला.

कसं वाजवलं विचारू नकोस! पहिला हात पडला तो चुकीच्या बाजूवर. दुसरा पडलाच नाही, पट्ट्यात अडकला. मग एकदाचा धुम्म असा आवाज निघाला आणि माझ्या छातीतच घुमला. मी तिसऱ्या कडव्यापासून सुरुवात केली. मला ताल धरता येत नव्हता, म्हणून मी घाबरून पळायला लागलो, आणि मी पळतोय म्हटल्यावर मंडळी माझ्यामागं पळायला लागली! ज्या शेतकऱ्यांना गीत येत नव्हतं ते टाळ्या वाजवायला लागले. आटपाडीच्या तुझ्या दोन म्हाताऱ्या आत्या मधेच ओरडल्या, "वाजीव रं मास्तरा!" माझा चष्मा नाकावरून घसरला, घामानं की रडण्यानं देव जाणे, आणि मला तो वर करायला हात मोकळा नव्हता. चौथं कडवं कधी आलं, कधी गेलं. संपल्यावर कुणी थांबेना, आम्ही पुन्हा पहिल्यापासून घेतलं. शांतवन, मी लय वाढवली. लय म्हणजे लय वाढवली! खोरी घेऊन उभे असलेले दोघं एकमेकांकडं बघत होते, ह्यांचं कधी आटपतंय म्हणून. आणि वहिनी उभ्या होत्या, ताठ, टाळ्या वाजवत, गालांवरून पाणी वाहतंय आणि तोंडानं गातायत.

मग सगळ्यांनी मूठमूठ माती दिली. मी डाव्या हातानं दिली. उजवी बोटं सुजून केळ्यासारखी झाली होती.

एवढं सगळं झालं आणि घरी आल्यावर मला भीती वाटायला लागली. एवढ्या वर्षांचा नियम मी मोडला, तोही मीच, ज्यानं तुला नाही म्हटलं होतं. रविवारी उपासना झाल्यावर अण्णा माझ्याशी न बोलता गेले. मी सोमवारभर उत्तरं जुळवत बसलो. मंगळवारी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि अण्णा उतरले. एकटे, काठी टेकत. ब्याऐंशीव्या वर्षी अण्णा कुणाच्या घरी जात नाहीत, लोक त्यांच्याकडं जातात.

मी चहा ठेवला. त्यांनी बशीत ओतून निम्मा संपवला आणि म्हणाले, "शनवारी तुमी केलं ते रीतीला सोडून केलं."

"होय, अण्णा."

"आन लय वाईट वाजीवलं."

"होय, अण्णा."

त्यांनी उरलेला चहाही बशीत ओतला. मी आपला बशीकडं बघतोय. मग म्हणाले, "माजं वडीलबी वाजवायचं. घरात त्यो विषय कुनी काढायचा न्हाई. मी बारका असताना एकदा इचारलं तर मार खाल्ला." बशी खाली ठेवली. "शनवारी तुमी वाजीवल्यावर मला पैल्यांदाच वाटलं, वाजवताना कसं दिसत असतील ते?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला काय बोलावं सुचेना, आणि नशीब, सुचलं नाही. एसटीत मला फार सुचलं होतं.

अण्णा काठी सावरून उठले. दाराशी जाऊन माझ्याकडं न बघता, नेहमीच्या त्या चिडक्या सुरात म्हणाले, "एस्तेरबाईकडनं ढोलकी मागून घ्या आन शिका नीट. माज्या टायमाला असलं बेताल चालायचं न्हाई."

मी हो म्हणालो, शांतवन. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत. इतिहास नाही, आजोबा नाहीत, 'बघू' नाही. हो, अण्णा, वाजवीन. एका श्वासात म्हणालो आणि म्हणतानाच कळलं की हा होकार तुझा होता. एसटीत, कराडच्या अलीकडं, तुला द्यायचा होता. तुला तो उशिरा मिळाला, आणि मिळाला तोही दुसऱ्याच्या हातात. मला माफ कर.